उत्तरेकडचा स्क्रीमर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलंबिया आणि व्हेनेझुएलाच्या दलदलीत राहणाऱ्या या मोठ्या पक्ष्याबद्दल वाचकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला ओळखीचे प्रश्न आहेत आणि गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा पक्षी नेमका कोणता?

शास्त्रीय नाव चौना चावारिया. कोलंबियात त्याला चावारी म्हणतात, तर व्हेनेझुएलात चिकाग्विरे. काही यादींत 'काळ्या मानेचा स्क्रीमर' असं नाव दिसतं, तोही हाच. लांबी ७६ ते ९१ सेंटिमीटर. अंग राखाडी, मान काळी, गाल आणि गळ्यावर पांढरा पट्टा, डोळ्याभोवतीची उघडी कातडी लाल, पाय जाड आणि लालसर, डोक्यामागे लोंबती शेंडी. मादी आणि नर दिसायला सारखेच, त्यामुळे लांबून दोघांत फरक करता येत नाही.

२. चेहरा तर कोंबडीसारखा किंवा टर्कीसारखा दिसतो. मग त्याला बदकांच्या गणात का घालतात?

चोच पाहून असं वाटणं स्वाभाविक आहे. चोच चपटी नाही, कोंबडीसारखी टोकाला वाकलेली आहे. पायाच्या बोटांमध्ये जाळंही नावापुरतंच. तरी हाडांची रचना आणि जनुकीय अभ्यास दोन्ही सांगतात, की हा पक्षी बदकं, हंस आणि कलहंसांच्या गणातलाच आहे. या गणाच्या वंशवृक्षात सर्वांत आधी फुटलेली फांदी म्हणजे स्क्रीमरांचं कुळ. बदकांची रुंद चोच आणि पडदेदार पाय ही ओळख बाकीच्या शाखेत दिसते. बदकांचा गण आणि कोंबड्यांचा गण मुळात एकमेकांच्या जवळचे आहेत, म्हणून स्क्रीमरमध्ये कोंबडीचा भास होतो, तो अगदीच निराधार नाही.

३. स्क्रीमर किती प्रकारचे? फोटोतला कोणता हे कसं ओळखायचं?

आज जगात तीनच प्रजाती आहेत आणि तिन्ही दक्षिण अमेरिकेत. शिंगवाल्या स्क्रीमरच्या कपाळावर काडीसारखं लांब शिंग असतं, त्यामुळे तो लगेच ओळखू येतो. दक्षिणेकडचा स्क्रीमर अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, बोलिव्हिया आणि दक्षिण ब्राझीलमध्ये सापडतो. घोटाळा होतो तो याच्यात आणि आपल्या पक्ष्यात. तेव्हा मान बघा. दक्षिणेकडच्याची मान बरीचशी राखाडी असते आणि तिच्यावर काळी पट्टी असते. उत्तरेकडच्याची मान पूर्ण काळी असते आणि वर पांढरा गाल ठळक उठून दिसतो. प्राणिसंग्रहालयांतल्या फोटोंमध्ये बहुतेक वेळा दक्षिणेकडचाच असतो. तो आणि शिंगवाला दोघेही सध्या धोक्याबाहेर आहेत, चिंता आहे ती उत्तरेकडच्याची.

४. तो राहतो कुठे?

उत्तर कोलंबियात आत्रातो, सिनू, सान होर्हे, काउका आणि मागदालेना या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत, आणि वायव्य व्हेनेझुएलात माराकाइबो सरोवराच्या आसपास. एवढंच. नकाशावर हा पट्टा लहान आहे, आणि त्या पट्ट्यातही तो सगळीकडे नाही. उथळ पाणी, दाट पाणवनस्पती आणि रात्री बसायला जवळ झाडं, हे तिन्ही जिथे एकत्र मिळतं तिथेच तो टिकतो.

५. सिएनागा हा शब्द सतत येतो. ते तळं असतं, दलदल असते की खाडी?

हा पक्षी समजून घ्यायचा तर सिएनागा समजायला हवी, म्हणून इथे थोडं सविस्तर सांगते.

सिएनागा म्हणजे नदीच्या पूरमैदानातलं उथळ, पसरट पाणी. ते नदीला अरुंद नाल्यांनी जोडलेलं असतं. पावसात नदी फुगली की पाणी नाल्यांतून उलटं सिएनागात शिरतं, पाऊस ओसरला की त्याच वाटेने परत जातं. मागदालेना आणि काउका जिथे एकमेकींना भेटतात तो मोंपोक्सचा सखल प्रदेश अशा शेकडो सिएनागांनी भरलेला आहे. सप्टेंबर ते नोव्हेंबर तिथे पाणीच पाणी असतं. डिसेंबरनंतर कोरडे महिने सुरू होतात, तशी पाण्याची कड मागे सरकते आणि ओला गाळ उघडा पडतो. त्यावर कोवळं गवत आणि पाणवेली उगवतात. उजनीच्या फुगवट्यात पाणी उतरल्यावर गाळपेर जमीन उघडी पडते, तसंच हे दृश्य. फरक असा की सिएनागाचं चक्र धरणाच्या दरवाज्यावर चालत नाही, ते नदीच्या मर्जीने हजारो वर्षं चालत आलं आहे.

या चक्रावर माणसंही जगत आली आहेत. सान होर्हेच्या खोऱ्यात सेनू या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी इसवी सनाच्या आधीपासून साधारण दहाव्या शतकापर्यंत कालवे आणि उंच वाफे बांधले. त्यांचा पसारा सुमारे ५ लाख हेक्टर होता आणि माशाच्या काट्यासारखी त्यांची नक्षी हवाई छायाचित्रांत आजही ओळखू येते. पुराचं पाणी अडवण्यापेक्षा पसरवायचं आणि गाळ शेतात बसू द्यायचा, हे त्यामागचं तंत्र. पुढच्या काळात पावसात मासे धरायचे आणि उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर पेरायचं किंवा गुरं चारायची, ही रीत राहिली. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ऑर्लांदो फाल्स बोर्दा यांनी या जगण्याला 'उभयचर संस्कृती' म्हटलं. चावारीही याच पाण्याच्या चढउतारावर जगणारा पक्षी आहे. पाणी कायमचं भरलेलं राहिलं किंवा कायमचं आटलं, तर दोन्ही त्याच्या कामाचं नाही.

६. एवढा मोठा पाणपक्षी म्हणजे मासे खात असेल ना?

नाही. तो जवळजवळ पूर्ण शाकाहारी आहे. पाणवनस्पतींची पानं, देठ, फुलं, मुळं हे त्याचं अन्न. चरताना एखादा किडा पोटात जातो तेवढाच. चालताना तो तरंगत्या वेलींच्या गालिच्यावर लांब बोटं पसरून तोल सांभाळतो आणि कोवळा पाला खुडत पुढे जातो. स्क्रीमरांच्या आतड्यात झाडपाला आंबवून पचवण्याची सोय असते, म्हणून ज्या चोथट वनस्पतींकडे बदकं फिरकत नाहीत त्यांवरही त्यांचं भागतं.

पुण्यातल्या नद्या आणि तळ्यांवर जिने उच्छाद मांडला आहे ती जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेचीच. कोलंबियाच्या सिएनागांत तिला तारुया म्हणतात. तिथे ती परकी नाही. पुराच्या लोंढ्याबरोबर तिचे तरंगते पुंजके वाहून जातात आणि पुन्हा उगवतात.

७. त्याच्या पंखांना खरंच काटे असतात?

असतात, प्रत्येक पंखाला दोन. ही पिसं नव्हेत. आत हाड आणि वर शिंगासारखं कठीण टोकदार आवरण, अशी त्यांची घडण असते. पंख मिटलेला असताना ते पिसांत झाकले जातात. दोन पक्षी हद्दीसाठी किंवा जोडीदारासाठी भिडले की त्यांचा वापर होतो, आणि तो नुसता धाक दाखवण्यापुरता नसतो. मोडलेली टोकं दुसऱ्या स्क्रीमरच्या छातीत रुतलेली सापडली आहेत. मोडलेलं आवरण पुन्हा वाढतं.

८. नावच 'किंचाळणारा' आहे. आवाज कसा असतो?

मोठा, दोन स्वरांचा, कर्ण्यासारखा घुमणारा आणि खूप दूरवर जाणारा. जोडीतला एक सुरू करतो, दुसरा लगेच साथ देतो, मग शेजारच्या हद्दीतली जोडी उत्तर देते. पहाटे ही साखळी सिएनागाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाते. कुणी माणूस किंवा जनावर जवळ आलं की पहिली हाक बहुतेक याचीच, आणि ती ऐकून बाकीचे पाणपक्षीही सावध होतात. याच गुणामुळे तो माणसाच्या अंगणात जाऊन पोहोचला (प्रश्न १३ पाहा).

९. हातात धरल्यावर अंगातून कुरकुर आवाज येतो असं वाचलं. हे खरं?

खरं आहे. स्क्रीमरच्या कातडीखाली हवेच्या बारीक पिशव्यांचा थर असतो. कातडी दाबली की त्या चुरचुरतात. पंख पसरून उडतानाही असा आवाज होतो. हाडंही कमालीची पोकळ आहेत. हवेच्या पोकळ्या अगदी बोटांच्या हाडांपर्यंत पोहोचलेल्या असतात.

याच्या फासळ्यांमध्ये तर आणखी विलक्षण गोष्ट आहे. बाकी सगळ्या जिवंत पक्ष्यांच्या फासळ्यांना हाडाचे लहान आडवे आकडे असतात. एका फासळीचा आकडा मागच्या फासळीवर टेकतो आणि छातीचा पिंजरा बळकट होतो, शिवाय श्वास घ्यायला मदत होते. स्क्रीमरांना हे आकडेच नाहीत. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत हे एकच कुळ तसं आहे. अशा पक्ष्याची एक प्रजाती गेली तर तिघांतली एक जाते, हा हिशोब मला फार अस्वस्थ करतो.

१०. एवढं जड अंग घेऊन तो उडू शकतो?

उत्तम उडतो. जमिनीवरून उठताना कष्ट पडतात, पंखांचे जोरदार फटके द्यावे लागतात. पण एकदा उंची गाठली की गरम हवेच्या झोतावर घारीसारखा गोल गोल घिरट्या घालत बराच वेळ वर राहतो. रात्री झाडाच्या शेंड्यावर बसतो. पोहता येतं, पण तो मुख्यतः काठाकाठाने आणि वेलींवरून चालणारा पक्षी आहे. बदकं उडायची पिसं एकदम गाळतात आणि त्या काळात त्यांना उडता येत नाही. स्क्रीमर पिसं टप्प्याटप्प्याने बदलतो, त्यामुळे त्याच्यावर ती वेळ येत नाही.

११. घरटं, अंडी, पिल्लं यांबद्दल सांगा.

जोडी दीर्घकाळ टिकते. उथळ पाण्यात काड्या, लव्हाळे आणि पाणवनस्पतींचा मोठा ढीग रचून त्यावर घरटं केलं जातं. अंडी दोनपासून सातपर्यंत, बहुधा तीन ते पाच. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे सहा आठवडे उबवतात. विणीचा ठराविक एकच हंगाम नाही, वर्षात कधीही घरटी सापडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये प्रमाण जास्त असतं. पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लवकरच घरटं सोडून आईबापांमागे चालू लागतात, उडायला मात्र त्यांना दोन ते साडेतीन महिने लागतात. तेवढा काळ ती कुणाच्याही हाती लागण्यासारखी असतात.

१२. 'धोक्याच्या जवळ' म्हणजे अजून धोका नाही, असंच ना?

जागतिक लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्रजातीला किती धोका आहे ते नोंदवणाऱ्या यादीत, उत्तरेकडचा स्क्रीमर 'धोक्याच्या जवळ' या पायरीवर आहे. ही पायरी सांगते, की प्रजाती संकटग्रस्त ठरण्याच्या निकषांना भिडायला आली आहे. याचा अर्थ 'अजून वेळ आहे' असा घेऊन गप्प बसणं मला पटत नाही. कोलंबियाच्या स्वतःच्या यादीत हाच पक्षी 'असुरक्षित' म्हणजे संकटग्रस्तांच्या वर्गात आहे. दोन यादींमध्ये फरक दिसला तर गोंधळू नका. एक सगळ्या जगातल्या संख्येचा विचार करते, दुसरी एका देशातल्या. पण या पक्ष्याचा बराचसा संसार त्या एका देशातच आहे, हे लक्षात ठेवा.

मुख्य कारण पाणथळ जागा आटणं. प्रश्न ५ च्या उत्तरात जो उन्हाळ्यात उघडा पडणारा गाळ सांगितला, तो परंपरेने सगळ्या गावाचा असतो आणि पावसात पुन्हा पाण्याखाली जातो. मोठे पशुपालक त्याच्या कडेने मातीचा बांध घालतात. पुढच्या पावसात पाणी आत येत नाही. गवत लावलं जातं, कुंपण पडतं आणि दोन-तीन हंगामांत सिएनागाचा तो तुकडा कायमचं कुरण होऊन जातो. कोळ्यांचं पाणी जातं, चावारीची चरण्याची आणि घरट्याची जागाही जाते. कालवा खणून पाणी काढणं, भातासाठी जमीन सपाट करणं, नाले बुजवणं, हे प्रकार वेगवेगळे असले तरी शेवट तोच. त्यात अंडी गोळा करणं आणि पिल्लं पकडणं यांची भर पडते.

१३. हा पक्षी कोंबड्यांची राखण करतो, ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही, जुनी नोंद आहे. निकोलाउस याक्विन हे वनस्पतिशास्त्रज्ञ १७५० च्या दशकात कॅरिबियन भागात फिरले. कोलंबियाच्या किनाऱ्यावरच्या कार्ताहेना शहराच्या परिसरातले लोक हा पक्षी पाळतात, तो कोंबड्यांबरोबर हिंडतो आणि शिकारी पक्षी आला तर पंखांच्या काट्यांनी त्याला हुसकावतो, अशी माहिती त्यांच्या लिखाणातून युरोपात पोहोचली. तिच्याच आधारे, सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने १७६६ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं. लहानपणी पकडलेलं पिल्लू माणसाला खरोखर लळा लावतं. ओळखीच्या घराभोवती मोकळं फिरतं आणि परका दिसला की हाक देतं.

वाचायला हे गोड वाटतं. पण अंगणातला प्रत्येक चावारी कुठल्या तरी घरट्यातून उचललेला असतो. दीर्घायुषी आणि सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत दरवर्षी थोडी थोडी पिल्लं काढून घेतली, तरी म्हातारे पक्षी दिसत राहतात आणि 'आमच्याकडे खूप आहेत' असा समज टिकून राहतो. त्यांची जागा घ्यायला तरुण पक्षी मात्र येत नाहीत. म्हणून पाळीव चावारीचे लाडिक व्हिडिओ पुढे पाठवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यांतूनच पिल्लांना मागणी तयार होते.

१४. मांसासाठी शिकार होते का?

काही ठिकाणी होते, पण तो खास आवडीचं खाणं नव्हे. हवेच्या पिशव्यांमुळे (प्रश्न ९) मांस स्पंजासारखं लागतं असं सांगतात. घरट्यांवरचा हात त्याला जास्त महाग पडतो.

१५. महाराष्ट्रात किंवा भारतात हा दिसतो का? गावाच्या तळ्यावर असाच पक्षी पाहिला.

नाही. रानात तो फक्त प्रश्न ४ मधल्या पट्ट्यातच आहे. तुम्ही पाहिलेला लाल डोक्याचा, राखाडी अंगाचा उंच पक्षी गोंदिया-भंडाऱ्याकडचा असेल तर तो सारस असण्याची शक्यता मोठी. त्याची नोंद स्थानिक पक्षिमित्रांना जरूर द्या, कारण महाराष्ट्रात सारस अगदी थोडे उरले आहेत.

एक धागा मात्र आपल्या तळ्यांपर्यंत येतो. लिनियसने चावारीला सुरुवातीला कमळपक्ष्यांच्या गटात टाकलं होतं. पुढे इंग्लंडचे पक्षिशास्त्रज्ञ जॉन लेथम यांनी त्याला 'विश्वासू कमळपक्षी' म्हटलं. नातं काहीच नाही, पण चुकीला कारण होतं. लांब बोटं, तरंगत्या पानांवरची चाल आणि पंखावरचा काटा या तिन्ही गोष्टी कमळपक्ष्यांतही आहेत. आपल्याकडचा लांब शेपटीचा कमळपक्षी दुर्बिणीतून पंख उघडताना दिसला, तर मनगटापाशी तो टोकदार काटा शोधून पाहा.

१६. राष्ट्रीय उद्यानं आणि रामसर स्थळं (आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या ठरवलेल्या पाणथळ जागा) आहेत. मग पक्षी सुरक्षित नाही का?

अंशतः. कोलंबियात लोस कातिओस, व्हेनेझुएलात माराकाइबोच्या नैर्ऋत्येकडचं सिएनागास दे हुआन मानुएल, अशी राष्ट्रीय उद्यानं त्याच्या पट्ट्यात आहेत. लोस कातिओस १९९४ पासून जागतिक वारसा आहे आणि २००९ ते २०१५ ते धोक्यातल्या वारशांच्या यादीत होतं. पण मधल्या प्रचंड पूरमैदानाचा मोठा भाग खासगी कुरणांच्या कचाट्यात आहे.

शिवाय पाण्याला उद्यानाची सीमा कळत नाही. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्यावरच्या सिएनागा ग्रांदे दे सांता मार्ताचं उदाहरण पाहा. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात किनाऱ्यालगत रस्ता बांधला गेला आणि समुद्राची ये-जा तुटली. पुढे मागदालेनाकडून येणारं गोडं पाणीही बांध आणि भरावांनी कमी झालं. पाणी अतिखारट होऊन हजारो हेक्टर खारफुटी उभ्या उभ्या वाळली. १९९० च्या दशकात काही नाले पुन्हा मोकळे केले तेव्हा सुधारणा दिसली, गाळ काढणं थांबलं की ती पुन्हा मागे पडली. १९९८ मध्ये ही जागा कोलंबियाचं पहिलं रामसर स्थळ झाली. २०१७ मध्ये तिची नोंद बिघडलेल्या रामसर स्थळांच्या माँत्रो यादीत झाली. पाटी तीच राहिली, पाण्याची वाट मात्र बुजत गेली. चावारी वाचवायचा तर नाले मोकळे ठेवणं हे पहिलं काम आहे, आणि ते दरवर्षी करावं लागतं.

१७. मग पूर जितका मोठा तितकं पक्ष्याचं भलं?

हा प्रश्न अवघड आहे. त्याला हवा असतो हळू चढणारा आणि हळू उतरणारा पूर. घरटं उथळ पाण्यात असल्यामुळे पाणी एकदम चढलं तर अंडी बुडतात. ऑगस्ट २०२१ मध्ये काउका नदीचा बांध कारा दे गातो इथे फुटला आणि मोंपोक्सच्या सखल भागातला ला मोहाना प्रदेश दीर्घकाळ पाण्याखाली राहिला. माणसांची घरं, भातशेती, गुरं, सगळ्यांचे हाल झाले. नदीला वर्षानुवर्षं बांधांत कोंडलं की तिची पसरायची जागा जाते आणि मग ती फुटून येते, तेव्हा पाणथळीला पाणी मिळतं पण भलत्या वेळी आणि भलत्या वेगाने.

उलट टोकाला धरणं आहेत. सिनू नदीवरचं उर्रा धरण २००० मध्ये सुरू झालं. खालच्या खोऱ्यातल्या सिएनागांना नदीच्या लयीऐवजी वीजनिर्मितीच्या गरजेप्रमाणे पाणी मिळू लागलं.

१८. प्रत्यक्ष पाहायचा असेल तर कुठे जावं?

कोलंबियात बारांकिया आणि सांता मार्ता यांच्यामधलं इस्ला दे सालामांका उद्यान ही सोयीची जागा. अधिक आत जायची तयारी असेल तर मोंपोक्समधून स्थानिक कोळ्यांच्या होडीने सिएनागांत फिरता येतं. कोरड्या महिन्यांत, डिसेंबर ते मार्च, पक्षी पाण्याच्या कडेला उघड्यावर येतात. सकाळी लवकर निघा. मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलावू नका. हद्दीचा पक्षी आहे, उबवणं सोडून भांडायला येतो. घरट्याजवळ होडी नेऊ देऊ नका.

१९. पाळलेला चावारी परत रानात सोडला तर?

कोलंबियात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने विचारलेला हा प्रश्न. स्वतःहून सोडू नका. माणसाच्या हातावर वाढलेल्या पक्ष्याला माणसाची भीती उरलेली नसते, त्यामुळे तो पहिल्या वस्तीकडे चालत जातो आणि पुन्हा पकडला जातो. कोंबड्यांत राहिलेला असेल तर त्यांचे आजार रानातल्या पक्ष्यांपर्यंत नेऊ शकतो. त्या भागाच्या पर्यावरण प्राधिकरणाला कळवा. जप्त केलेले आणि स्वेच्छेने दिलेले वन्यजीव ठेवण्याची केंद्रं त्यांच्याकडे असतात. तिथे तपासणी होते, माणसापासून तोडून इतर पक्ष्यांबरोबर ठेवलं जातं आणि मगच सोडायचं की नाही ते ठरतं. काही पक्षी कधीच सोडण्याजोगे होत नाहीत. आणि पक्षी दिल्यावर त्याच्या जागी दुसरं पिल्लू आणून देतो असं कुणी शेजारी म्हणाला, तर त्याला ठाम नकार द्या.